सॉफ्टवेअर मॅन्युअलची सूची नेमकी कधी करायची?

लिलाव सुरू झालेला असतो, काट्यावर ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते आणि लिपिकाच्या हातून एक काटापावती भलत्याच शेतकऱ्याच्या नावे निघते. ती रद्द कशी करायची हे मॅन्युअलमध्ये पान ११२ वर व्यवस्थित लिहिलेले आहे, पण त्या भागाचे शीर्षक आहे 'व्यवहार उलटवणे'. लिपिक 'पावती' शोधतो, 'रद्द' शोधतो, फार तर 'काटा' शोधतो. यांपैकी एका शब्दासमोर ११२ हा आकडा सापडला तर अर्ध्या मिनिटात त्याचे काम होते. नाही सापडला तर तो सरळ सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना नाशिकला फोन लावतो.

मॅन्युअलच्या शेवटी येणाऱ्या आठ-दहा पानांच्या सूचीवर हे अवलंबून असते. बोलताना आपण अनुक्रमणिका आणि सूची हे शब्द सरमिसळ वापरतो, म्हणून आधीच सांगायला हवे: अनुक्रमणिका पुस्तकाच्या सुरुवातीला असते आणि प्रकरणांच्या क्रमाने जाते. सूची शेवटी असते, अकारविल्हे लावलेली असते आणि तिच्यात प्रकरणांच्या शीर्षकांत नसलेले शब्दही असतात. हा लेख सूचीबद्दल आहे. उदाहरणासाठी नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्या आणि आडतदारांसाठी बनवलेल्या सॉफ्टवेअरचे २०० पानी मॅन्युअल घेऊ. द्राक्षाच्या पॅकहाऊसचे किंवा अंबड-सातपूरच्या कारखान्यातल्या स्टोअरचे सॉफ्टवेअर असेल तर शब्द बदलतील, पद्धत तीच राहील.

दोन्ही टोके चुकतात

सूची कधी करायची, असे विचारले की बहुतेक ठिकाणी दोनपैकी एक उत्तर मिळते. एक, 'सगळे झाले की शेवटी बघू'. दुसरे, 'लिहिता लिहिताच खुणा घालत जा'. खूण म्हणजे मजकुरात टाकलेली लपवलेली नोंद, जिच्यावरून संगणक सूचीतला पान क्रमांक आपोआप काढतो.

शेवटी बघू म्हटले की सूचीच्या वाट्याला छपाईच्या आदला दिवस येतो. मग कुणीतरी पीडीएफ समोर ठेवून वहीत शब्द आणि पान क्रमांक उतरवतो. त्याच संध्याकाळी तिसऱ्या प्रकरणात एक चित्र मोठे होते, पुढची सगळी पाने एकेक आकड्याने सरकतात आणि हाताने लिहिलेले सातशे आकडे एकदम चुकतात. शिवाय घाईत माणूस शीर्षकेच उचलतो. तयार होते ती अकारविल्हे लावलेली अनुक्रमणिका, आणि तिचा कुणाला उपयोग नसतो.

लिहिता लिहिता खुणा घालण्याचा सल्ला वरून शहाणपणाचा वाटतो, पण त्यात नुकसान जास्त होते. पहिल्या मसुद्यात प्रकरणे हलतात, परिच्छेद कापून दुसरीकडे चिकटवले जातात आणि त्यांच्यासोबत खुणाही जातात. परिच्छेद खोडला तर खूण निघून जाते. पानांच्या पट्ट्यासाठी (जसे ४५-४८) सुरुवातीला एक आणि शेवटी एक खूण घातली असेल आणि मधला भाग हलवताना एकच हलली, तर पट्टा अर्धवट राहतो. लिहिताना लेखकाला पुढच्या प्रकरणांत काय येणार आहे हेही पुरते ठाऊक नसते. त्यामुळे दुसऱ्या प्रकरणात 'खरेदीदार', पाचव्यात 'व्यापारी' आणि आठव्यात 'पार्टी' अशा एकाच माणसासाठी तीन नोंदी होतात. त्या नंतर एकत्र करायला नव्याने खुणा घालण्याइतकाच वेळ जातो.

आमचे मत असे की सूचीचे काम तीन वेगळ्या वेळी करावे. शब्द पहिल्या दिवसापासून जमवावेत, मजकुरात खुणा मसुदा गोठल्यावर घालाव्यात आणि पान क्रमांक मांडणी पक्की झाल्यावर काढावेत. तीन कामांना तीन वेळा आहेत आणि त्यांची अदलाबदल केली की वर सांगितलेले घोळ होतात.

मॅन्युअल तीस-चाळीस पानांच्या आत असेल तर सूचीच्या फंदात पडू नका. अनुक्रमणिका बारकाईने करा आणि वाचवलेला वेळ शीर्षके सुधारण्यात घाला.

पहिल्या दिवसापासून: शब्दवही

लेखनाच्या पहिल्याच दिवशी एक साधी एक्सेल शीट उघडा. चार रकाने पुरतात: वापरणारा कोणता शब्द बोलतो, मॅन्युअलमध्ये त्यासाठी कोणता शब्द आहे, तो शब्द कुठून मिळाला, आणि सूचीत त्याचे काय करायचे. शेवटचा रकाना तूर्त रिकामा ठेवा.

शब्द मिळवण्याची सर्वांत चांगली जागा म्हणजे मदतीसाठी येणाऱ्या फोनची नोंदवही. फोन घेणाऱ्याला एवढेच सांगा की समोरचा ज्या शब्दांत विचारतो तेच शब्द लिहायचे, त्याचे शुद्ध मराठी किंवा इंग्रजी करायचे नाही. 'इनव्हॉइस दिसत नाही' ही नोंद निरुपयोगी आहे. 'कालची पट्टी निघत नाहीये' ही कामाची.

कांद्याच्या बाजारात हा फरक फार ठळक आहे. पडद्यावर 'इनव्हॉइस' असते, आडतीवरचा माणूस 'पट्टी' किंवा 'हिशेबपट्टी' म्हणतो. पडद्यावर 'वाहन संख्या' असते, तो विचारतो 'आज नग किती?' पडद्यावर 'दर दुरुस्ती' असते. पण माल खाली होताना प्रत खराब निघाली आणि भावावरून वाद झाला तर त्याला तो 'वांधा' म्हणतो आणि सूचीत 'व' खालीच बघणार. 'वजावटी' या एका मेनूच्या आत हमाली, तोलाई आणि वाराई असतात. मॅन्युअलमध्ये भर 'वजावटी' या शब्दावर असतो, फोनवर तो शब्द कुणी उच्चारत नाही. 'गोल्टी' हा लहान कांदा, पण प्रतवारीच्या पडद्यावर 'प्रत ३' असे लिहिलेले असते. असे शब्द लिहिणाऱ्याच्या डोक्यात आपोआप येत नाहीत, ते जमवावेच लागतात. म्हणूनच या कामाला शेवटचा आठवडा पुरत नाही.

दुसरी जागा म्हणजे जुनी पद्धत. संगणकाआधी जे काम ज्या वहीत होत होते त्या वहीचे नाव सूचीत असले पाहिजे. रोजमेळ, खतावणी, आवक-जावक ही नावे लोक सोडत नाहीत आणि सोडण्याची गरजही नाही. तिसरी जागा, चुकीचे संदेश. पडद्यावर लाल अक्षरांत जे उमटते ते माणूस जसेच्या तसे शोधतो. प्रत्येक संदेशातला ओळखीचा शब्द वहीत टाका. संदेशांना क्रमांक असतील तर त्यांची वेगळी छोटी यादी सूचीच्या आधी द्या, अक्षरांत मिसळू नका.

दोनशे पानांच्या मॅन्युअलसाठी खुणा सुरू होईपर्यंत वहीत तीनशेच्या आसपास ओळी जमलेल्या असाव्यात. शंभरच असतील तर फोनवहीकडे पुन्हा जा.

मसुदा गोठला हे कसे ओळखायचे

'जवळपास झाले' म्हणजे गोठले नव्हे. प्रकरणांचा क्रम ठरलेला असावा. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी मजकूर तपासून परत दिलेला असावा आणि त्यांच्या दुरुस्त्या आत गेलेल्या असाव्यात. मेनू आणि बटणांची नावे या आवृत्तीपुरती बदलणार नाहीत असे त्यांनी लेखी सांगितलेले असावे. हा शेवटचा मुद्दा सर्वांत जास्त वेळा निसटतो. 'नवीन आवक' या बटणाचे ऐन वेळी 'गेट नोंद' झाले की चित्रे, मजकूर आणि सूची तिन्ही ठिकाणी हात घालावा लागतो.

पाने कुठे तुटतील, चित्रे किती मोठी असतील हे या टप्प्यावर ठरलेले नसले तरी चालते. खूण मजकुराला चिकटलेली असते, पानाला नाही. मजकूर पुढच्या पानावर गेला की खूणही जाते आणि आकडा शेवटी आपोआप निघतो. शुद्धलेखनाच्या किरकोळ दुरुस्त्याही नंतर चालतात. परिच्छेद हलवणे मात्र बंद.

खुणा घालणे

हे काम शक्यतो एकाच माणसाने करावे. दोघांनी प्रकरणे वाटून घेतली की एकाच गोष्टीला दोन नावे पडतात. सुरू करण्यापूर्वी त्याने शब्दवहीचा चौथा रकाना भरावा: हा शब्द मुख्य नोंद होईल, की पोटनोंद, की फक्त 'पहा', म्हणजे दुसऱ्या नोंदीकडे पाठवणारी ओळ.

वेगाचा अंदाज असा: तांत्रिक मजकुरात तासाला सहा ते दहा पाने होतात. आठ धरली तर दोनशे पानांना पंचवीस तास. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त हे काम नीट होत नाही, कारण पुढे लक्ष ढळते आणि माणूस शीर्षकेच उचलू लागतो. म्हणजे पूर्ण पाच दिवस. पानागणिक सरासरी पाच खुणा धरल्या तर हजारभर खुणा होतात आणि दोन रकान्यांत छापल्यावर सूची आठ ते दहा पानांची भरते. पानाला सरासरी दोनच खुणा पडत असतील तर काहीतरी सुटते आहे. पंधरा पडत असतील तर शब्द दिसला की खूण घातली जाते आहे.

कारण खूण शब्दाला घालायची नसते, विषयाला घालायची असते. 'पावती' हा शब्द दीडशे पानांवर आला असेल. वाचकाला त्यातली ती सहा-सात पाने हवीत जिथे पावतीबद्दल काही सांगितले आहे. 'पावती मिळाल्यावर पुढच्या पडद्यावर जा' या वाक्याला खूण नको. स्वतःला एकच प्रश्न विचारा: या शब्दासाठी वाचक इथवर आला तर त्याला काही मिळेल का?

खूण शीर्षकात घालू नका. शीर्षके अनुक्रमणिकेत आणि पानाच्या माथ्यावर पुन्हा उमटतात, त्यामुळे काही प्रणालींत खूणही दोनदा मोजली जाते. शीर्षकाखालच्या पहिल्या परिच्छेदाच्या सुरुवातीला घाला. परिच्छेदाच्या शेवटी घातली आणि परिच्छेद दोन पानांवर विभागला गेला, तर आकडा पुढच्या पानाचा येतो आणि वाचक मजकुराच्या शेपटीवर पोचतो. सलग तीन-चार पाने एकच विषय चालला असेल तर पट्टा द्या, ४५-४८ असा. प्रत्येक पानाची वेगळी खूण घालून ४५, ४६, ४७, ४८ असे करू नका, त्यातून चार वेगळे उल्लेख असल्याचा समज होतो.

एका नोंदीपुढे सहा-सातहून जास्त आकडे आले तर पोटनोंदी करा. 'पावती १२, ३१, ४५, ६०, ७७, ९८, ११२, १४०' ही ओळ वाचकाला आठ पाने उलटायला लावते. 'पावती' खाली 'छापणे', 'दुसरी प्रत काढणे', 'रद्द करणे', 'शेतकऱ्याचे नाव बदलणे' अशी फोड केली की एकाच उडीत काम होते. पोटनोंदीच्या खाली आणखी पोटनोंद मात्र टाळा. दोन रकान्यांच्या सूचीत तिसरी पातळी ओळीच्या मध्यावर जाऊन बसते.

क्रियांच्या नोंदी दोन्ही बाजूंनी द्या. 'पावती, रद्द करणे' हवी, तशीच 'रद्द करणे' खाली 'पावती' आणि 'लिलाव नोंद' हवी. काहींना गोष्टीचे नाव आधी आठवते, काहींना कृतीचे.

'पहा' कधी वापरायचे यावर एक सोपा नियम. मुख्य नोंदीला दोन-तीनच आकडे असतील तर 'पहा' लिहून वाचकाला हेलपाटा घालायला लावू नका, दुसऱ्या शब्दापुढेही तेच आकडे द्या. 'वांधा ८४' आणि 'दर दुरुस्ती ८४' दोन्ही असू देत. मुख्य नोंदीखाली पोटनोंदींची रांग असेल तेव्हाच 'पट्टी: हिशेबपट्टी पहा' असे करा. आणि 'पहा' म्हटलेली नोंद खरोखर त्याच शब्दांत आहे ना हे शेवटी एकेक करून ताडा. 'हिशेबपट्टी पहा' असे लिहिले आणि नोंद 'हिशोबपट्टी' अशी असली, तर वाचक दोन्हींच्या मध्ये अडकतो.

नोंदीचे रूप मूळ आणि एकवचनी ठेवा: 'पावती', 'व्यापारी', 'काटा'. इंग्रजी सूचीत मोजता येणाऱ्या वस्तू अनेकवचनात देतात, ते मराठीत आणू नका. 'पावत्या' हा शब्द 'पावती'पासून दूर जाऊन पडतो, कारण जोडाक्षर बाराखडीनंतर लागते.

साधनांपुरते

वर्डमध्ये शब्द निवडून ऑल्ट, शिफ्ट आणि एक्स एकत्र दाबले की नोंदीची खिडकी उघडते. मुख्य नोंद आणि पोटनोंद वेगवेगळ्या चौकटींत लिहिता येतात. पानांच्या पट्ट्यासाठी आधी तेवढ्या मजकुराला बुकमार्क द्यावा लागतो. त्याच खिडकीत सगळीकडे एकदम खूण घालणारे 'मार्क ऑल' बटण आहे. त्याला हात लावू नका. एक तर ते शब्द बघते, विषय नाही. दुसरे म्हणजे ते जसाच्या तसा शब्द शोधते आणि मराठीत शब्द क्वचितच तसा राहतो. 'पावती' मजकुरात 'पावत्यांची' आणि 'पावत्यांमधून' होऊन येते, 'काटा' 'काट्यावर' होतो, 'गाळा' 'गाळ्याचे' होतो. शब्दांची यादी देऊन आपोआप खुणा घालण्याची सोयही याच कारणाने मराठीत तोकडी पडते.

वर्डमधली खूण हा लपवलेला मजकूर असतो. काम करताना तो पडद्यावर दिसू लागतो आणि जागा खातो, त्यामुळे पाने वाढतात. तो दिसत असताना सूची काढली तर शेवटच्या प्रकरणापर्यंत आकडे तीन-चार पानांनी चुकू शकतात. सूची काढण्यापूर्वी कंट्रोल, शिफ्ट आणि ८ दाबून तो लपवा, मगच सूचीवर येऊन एफ९ दाबा. सूची बरोबर करूनही आकडे चुकल्याच्या तक्रारी बहुधा इथूनच येतात.

आस्कीडॉक या साध्या मजकुरात लिहिण्याच्या पद्धतीत दुहेरी कंसात लिहिलेला शब्द मजकुरातही दिसतो आणि सूचीतही जातो. तिहेरी कंसातला फक्त सूचीत जातो आणि त्यात स्वल्पविराम देऊन पोटनोंद करता येते. मराठीसाठी तिहेरीच वापरा, कारण मजकुरातले रूप आणि सूचीतले मूळ रूप वेगळे असते. स्फिंक्स या मॅन्युअल बनवणाऱ्या साधनात जोडीची सोय आहे, ती एकाच खुणेतून 'पावती, रद्द करणे' आणि 'रद्द करणे, पावती' अशा दोन्ही नोंदी करते. लेटेक या पानजुळणीच्या प्रणालीत दाखवायचा शब्द आणि क्रम लावायचा शब्द 'ॲट' चिन्हाने वेगळे देता येतात. इनडिझाइन या मांडणीच्या प्रोग्रॅममध्येही क्रमासाठी वेगळी चौकट आहे. ही सोय आपल्याला का लागते ते पुढे येतेच.

देवनागरीचा क्रम

मराठी सूचीतले सर्वांत जास्त घोळ इथे होतात, आणि ते छापून आल्याखेरीज लक्षात येत नाहीत.

युनिकोडमध्ये देवनागरीच्या अक्षरांना एका सलग पट्ट्यात क्रमांक दिलेले आहेत. साधे प्रोग्रॅम या क्रमांकांनुसार शब्द लावतात आणि तो क्रम आपल्या वर्णमालेचा नाही. 'ळ' चा क्रमांक 'ल' च्या लगेच पुढे आणि 'व' च्या आधी आहे. त्यामुळे 'गाळा' ही नोंद 'गाव' च्या वर जाते. आपण 'ह, ळ, क्ष, ज्ञ' असे शिकलो आहोत, म्हणून वाचक 'गाळा' हा शब्द 'गाव' च्या खाली शोधतो. 'क्ष' हे 'क' आणि 'ष' चे जोडाक्षर म्हणून 'क' च्या शेवटी पडते, म्हणजे 'क्षमता' 'क्विंटल' च्या खाली येते. काही शब्दकोश असाच क्रम पाळतात. मॅन्युअलसाठी मात्र 'क्ष' आणि 'ज्ञ' शेवटी ठेवावेत, कारण वापरणाऱ्याला शाळेतली वर्णमाला आठवते.

'ॲ' ची अडचण याहून मोठी. हे अक्षर युनिकोडमध्ये उशिरा आले, २००८ मध्ये, आणि त्याला पट्ट्याच्या शेवटाजवळची जागा मिळाली. परिणामी 'ॲप', 'ॲडव्हान्स' आणि 'ॲडमिन' या नोंदी 'हिशेबपट्टी' च्याही नंतर, सूचीच्या पार तळाला जातात. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयाने 'ॲ' आणि 'ऑ' वर्णमालेत घेतले आहेत, त्यामुळे त्यांना स्वरांत बसवण्यात काही गैर नाही. 'ॲ' चा गट 'अ' नंतर लगेच ठेवावा असे आम्हाला वाटते, कारण वाचक आधी 'अ' कडेच जातो.

त्याहून छुपी गोष्ट अशी की तेच अक्षर दोन-तीन प्रकारे टाइप होते. कुणी 'ॲ' हे एक अक्षर टाकतो, कुणी 'अ' वर चंद्र चढवतो. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला वेगळे. सूचीत 'ॲडव्हान्स ३४' आणि काही ओळींनंतर पुन्हा 'ॲडव्हान्स ९१' असे दिसले तर कारण हेच. 'शेतकऱ्याची' आणि 'व्यापाऱ्याचा' यांतला रफारासारखा आडवा 'ऱ' ही असाच. कुणी 'ऱ' ला हलंत जोडतो, कुणी साध्या 'र' ला हलंत देऊन पुढे न दिसणारे जोडचिन्ह टाकतो. नोंदीच्या शेवटी चुकून राहिलेली मोकळी जागाही दोन नोंदी करते.

यावर उपाय खुणा घालण्याआधीच करायचा. पूर्ण मजकुरात शोधा-बदला चालवून प्रत्येक अक्षराचे एकच रूप ठेवा. सोबत ऱ्हस्व-दीर्घाचे निर्णयही शब्दवहीत लिहून टाका: 'ऑनलाइन' की 'ऑनलाईन', 'हिशेब' की 'हिशोब', 'अकाउंट' की 'अकाऊंट'. कोणता निवडला याला फार महत्त्व नाही, एकच राहणे महत्त्वाचे.

क्रमासाठी तुमचे साधन मराठीची निवड देत असेल तर ती करा. युनिकोडच्या सीएलडीआर या भाषावार नियमांच्या संग्रहात मराठीसाठी वेगळे नियम आहेत आणि आयसीयू हा तयार कोडसंच वापरणाऱ्या प्रणालींना ते मिळतात. पण विश्वास ठेवण्याआधी चाचणी घ्या. नव्या फाइलमध्ये या दहा शब्दांच्या खुणा घालून सूची काढा: अंक, अकाउंट, ॲप, आवक, ऑनलाइन, काटा, क्विंटल, क्षमता, गाळा, गाव. पाच मिनिटांत साधनाचा स्वभाव कळतो. क्रम चुकत असेल आणि क्रमाचा शब्द वेगळा देण्याची सोय असेल तर ती वापरा. नसेल तर छपाईच्या प्रतीत सूचीचे साधा मजकूर करून ओळी हाताने हलवा. वर्डमध्ये त्यासाठी सूचीवर कंट्रोल, शिफ्ट आणि एफ९ दाबतात. हे फक्त छपाईच्या प्रतीत करा. मूळ फाइलमध्ये केले तर सूचीचा खुणांशी संबंध कायमचा तुटतो.

अनुस्वाराबद्दल शब्दकोशांत एकमत नाही. अनुस्वाराचे शब्द त्या अक्षराच्या सुरुवातीला ठेवणे युनिकोडच्या क्रमाशी जुळते आणि वाचकाची फारशी अडचण होत नाही. तेच पाळावे.

तारखा उलट्या मोजा

उन्हाळ कांद्याची आवक मार्चअखेरीस वाढू लागते आणि १ एप्रिलला नवीन आर्थिक वर्षाची खाती सुरू होतात. छापील मॅन्युअल २५ मार्चपर्यंत समित्यांत पोचायचे असेल तर छपाई आणि बांधणीला आठ दिवस धरून फाइल १६ मार्चला द्यावी लागते. शेवटची सूची तपासायला १२ ते १४ मार्च. मांडणी ११ ला पक्की. त्याआधी वापरणाऱ्यांकडून चाचणी आणि दुरुस्त्या ९ आणि १० ला. खुणा घालायला २ ते ७ मार्च, एक दिवस जास्तीचा. म्हणजे मसुदा फेब्रुवारीअखेरीस गोठायला हवा. मसुदा आठवडाभर उशिरा गोठला तर सूचीचे दिवस कापू नका, प्रती सॉफ्टवेअरनंतर पाठवा. सूची नसलेल्या मॅन्युअलचा भार पूर्ण हंगाम फोनवर पडतो. द्राक्षासाठी हीच मोजणी जानेवारीच्या तोडणीआधी संपणारी करा.

चाचणी

फोनवहीतून पंधरा खरे प्रश्न निवडा. समितीतला एक लिपिक, आडतीवरचा एक दिवाणजी आणि व्यापाऱ्याकडे हिशेब लिहिणारा एक, असे तिघे गाठा. प्रत्येकाला कच्ची सूची द्या, प्रश्न वाचून दाखवा आणि त्याने पहिल्यांदा कोणता शब्द शोधला तो लिहून घ्या. मदत करू नका, सुचवू नका. दोन प्रयत्नांत पान सापडले तर ठीक. नाही सापडले तर त्याने शोधलेले दोन्ही शब्द त्याच संध्याकाळी सूचीत जातात. पंधरापैकी बारा प्रश्न सुटेपर्यंत फाइल छापखान्यात जाऊ देऊ नये.

शेवटची तपासणी कागदावर करा. सूचीतल्या दर दहाव्या नोंदीचे पान उघडून बघा. एकही आकडा चुकला तर तो तेवढाच दुरुस्त करून पुढे जाऊ नका. आधी लपवलेला मजकूर दिसत होता का ते बघा आणि सूची नव्याने काढा.

'शोध आहे की!'

पीडीएफमध्ये शोधता येते, मग सूची कशाला, हा प्रश्न येणारच. इंग्रजीत त्यात थोडे तथ्य आहे, मराठीत फारच कमी. देवनागरी पीडीएफमधला मजकूर अनेकदा आतून विस्कटलेला असतो: ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी जाते, जोडाक्षरे तुटतात. दिसायला पान नीट असते, पण 'क्विंटल' शोधले तर सापडत नाही. मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असेल तर शोध पूर्ण बंद. आणि शोध चालला तरी तो पानावर असलेलाच शब्द देतो. 'वांधा' पानावर लिहिलेलाच नाही, तो फक्त सूचीत आहे.

मदतीची पाने ऑनलाइन असतील तर हीच शब्दवही तिथे शोधशब्द म्हणून जोडता येते. काम दुप्पट होत नाही.

पुढची आवृत्ती

खुणा मूळ फाइलमध्येच असतील तर पुढच्या वर्षी पाच दिवस लागत नाहीत. बदललेल्या भागांची यादी घ्या, तेवढ्याच खुणा बघा, नव्या पडद्यांना नव्या घाला. काढून टाकलेल्या सोयीची 'पहा' नोंद मागे राहते, ती मुद्दाम शोधून काढा. मॅन्युअल इंग्रजीतून मराठीत आणायचे असेल तर मजकूर भाषांतरित होईल, सूची होणार नाही. इंग्रजी खुणा सरळ काढून टाका आणि मराठी मसुदा गोठल्यावर, मराठी शब्दवही हाताशी घेऊन, पहिल्या पानापासून नव्याने घाला.